घरी वापरायची बीपी-शुगर यंत्रं: कोणतं घ्यावं, कुठे फसतं

उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाची कमजोरी हे आजार वर्षानुवर्षं सोबत राहतात आणि बराच काळ काही जाणवूच देत नाहीत. दवाखान्यात घेतलेलं एक रीडिंग त्या एका क्षणापुरतं असतं. काहींचं बीपी डॉक्टरांसमोर चढतं आणि घरी नीट असतं. काहींचं उलट, दवाखान्यात नीट आणि घरी चढलेलं, आणि हे जास्त घातक, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून घरी यंत्र असावं. मात्र विकत घेण्याआधी प्रत्येक यंत्राबद्दल एक गोष्ट माहीत हवी: पडद्यावर दिसणारा आकडा ते थेट मोजत नाही. ते भलतंच काहीतरी मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. ते काय मोजतं हे कळलं की कुठे चुकेल तेही कळतं. खालचं परीक्षण याच नजरेने केलेलं आहे.

बीपी मशीन

डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बीपी घेतात ती पद्धत निकोलाय कोरोत्कॉफ यांनी १९०५ साली मांडली. ती धमनीतल्या आवाजावर चालते. घरचं आपोआप फुगणारं मशीन आवाज ऐकत नाही. कफचा दाब बदलत असताना त्यात उमटणारी नाडीची कंपनं ते टिपतं. कंपनं सर्वांत मोठी होतात तो दाब म्हणजे साधारणपणे सरासरी रक्तदाब. वरचं आणि खालचं बीपी हे दोन्ही आकडे त्या कंपनांवरून गणिताने काढलेले असतात. हे गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि कंपन्या ते जाहीर करत नाहीत.

त्यामुळे खरेदीचा पहिला निकष ब्रँड नाही, त्या मॉडेलची स्वतंत्र पडताळणी झाली आहे का, हा आहे. सध्या मान्य असलेलं प्रमाण आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ८१०६०-२, २०१८ हे आहे. त्यात किमान ८५ जणांवर मशीनची तुलना प्रशिक्षित निरीक्षकांच्या मोजणीशी करतात. सरासरी फरक ५ मिमी पाऱ्याच्या आत आणि फरकांचं प्रमाण विचलन (म्हणजे ते किती विखुरलेले आहेत याचं माप) ८ च्या आत लागतं. पास झालेल्या मॉडेलांची यादी स्ट्राइड बीपी या पडताळणीचे निकाल तपासणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहा. एकाच कंपनीचं एक मॉडेल तपासलेलं आणि त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं न तपासलेलं, असं सर्रास असतं. गरोदर स्त्रीसाठी मशीन घेत असाल तर त्या गटावरची पडताळणी वेगळी पाहावी लागते.

आता कफ. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिलं जातं. दंडाचा मध्य शोधा: खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतचं अंतर मोजून त्याच्या अर्ध्यावर टेप गुंडाळा. येणारा घेर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि मगच खरेदीला जा. कफच्या आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद असावी. मशीनसोबत येणारा नेहमीचा कफ बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. घेर ३५ असलेल्या माणसाने तो कसाबसा गुंडाळला की बीपी खोटं वाढलेलं दिसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, ज्यांना अतिमोठा कफ लागतो त्यांच्यावर नेहमीचा कफ वापरला तेव्हा वरचं बीपी सरासरी १९.५ मिमीने जास्त आलं. मोठा कफ लागणाऱ्यांमध्ये ते जवळपास ५ मिमीने वाढलं. बारीक दंडावर उलटं घडलं, आकडा ३ ते ४ मिमीने कमी आला. म्हणजे चुकीच्या कफमुळे कुणाला नको असलेलं औषध सुरू होऊ शकतं आणि कुणाचं हवं असलेलं राहून जाऊ शकतं. २२ ते ४२ सेंटिमीटरचा कफ असलेलं मॉडेल बहुतेक घरांना पुरतं, पण पडताळणी त्याच कफसह झालेली असावी. दुसऱ्या कंपनीचा कफ नळीला बसतो म्हणून जोडू नका. गणित मूळ कफसाठी लिहिलेलं असतं.

कफ उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोनेक सेंटिमीटर वर बांधा. नळी धमनीच्या रेषेत आणि कफ खाली दोन बोटं सरकतील इतका घट्ट. बाही वर गुंडाळून कफ बांधला की गुंडाळलेली बाहीच दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढून घ्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील किंवा डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) असेल, तर त्या हातावर कफ बांधू नका.

बसण्याची रीत कंटाळवाणी वाटते, पण प्रत्येक बारकाव्याला आकडा आहे. हात हृदयाच्या पातळीपासून १० सेंटिमीटर खाली लटकला तर रीडिंग ७ ते ८ मिमीने वाढतं. हा साधा द्रवाच्या उंचीचा दाब आहे, त्याला मशीन काही करू शकत नाही. म्हणून हात टेबलावर टेकवा आणि टेबल बसकं असेल तर खाली उशी घ्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पाय एकमेकांवर टाकलेले नाहीत, लघवी तुंबलेली नाही. मोजताना बोलायचं नाही. बोलण्याने वरचं बीपी १० मिमीपर्यंत सहज चढतं. आधीच्या अर्ध्या तासात कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. बसल्यावर ५ मिनिटं खरोखर शांत, फोन बाजूला ठेवून.

सुरुवातीला दोन्ही हातांचं बीपी पाहा. फरक दर वेळी १० पेक्षा जास्त येत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि पुढे नेहमी जास्त येणाऱ्या हातावरच मोजा. वेळापत्रक असं: सकाळी औषधाच्या आणि नाश्त्याच्या आधी दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट, आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा दोन. हे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. युरोपीय मार्गदर्शनानुसार घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेला रक्तदाब, तो दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीचा. अमेरिकी मार्गदर्शन घरीही १३०/८० धरतं. तुमच्यासाठी कोणती मर्यादा ते डॉक्टर ठरवतील. रीडिंग आवडलं नाही म्हणून तिसरं, चौथं, पाचवं घ्यायचं आणि सगळ्यात कमी आलेलं तेवढं वहीत लिहायचं, ही सवय नोंदवहीला निरुपयोगी करते. आलेलं प्रत्येक रीडिंग तसंच लिहा.

नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते तेव्हा), तर कंपनांची उंची ठोक्यागणिक बदलते आणि आकडे उड्या मारतात. अशा वेळी तीन रीडिंगची सरासरी धरा. अनियमित ठोक्याचं चिन्ह वारंवार दिसलं तर ईसीजी काढून घ्या. ते चिन्ह निदान नाही, इशारा आहे.

मनगटावरची मशीन दंड फार जाड किंवा शंकूसारखा असल्याने कफ बसतच नसेल तरच घ्यावी, आणि मोजताना मनगट हृदयाच्या उंचीवर धरावं. कफ नसलेली घड्याळं आणि अंगठ्या बीपीसाठी घेऊ नयेत. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२२ मध्ये त्यांचा वापर निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी करू नये असं स्पष्ट सांगितलं. त्यातल्या बऱ्याच उपकरणांना आधी कफच्या मशीनचा आकडा भरवावा लागतो आणि मग ती त्याच्या आसपासचे आकडे दाखवत राहतात.

ग्लुकोमीटर

ग्लुकोमीटर साखर मोजत नाही, वीज मोजतो. पट्टीवरचं एन्झाइम रक्तातल्या ग्लुकोजवर क्रिया करतं, त्यातून निघणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मीटर वाचतो. म्हणजे खरं उपकरण पट्टी आहे, मीटर फक्त वाचक. घेताना मीटरच्या किमतीपेक्षा पट्ट्या सतत मिळतील का आणि परवडतील का, हे आधी पाहा.

अचूकतेचं प्रमाण आयएसओ १५१९७, २०१३: १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ९५ टक्के रीडिंग १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० किंवा वर १५ टक्क्यांच्या आत असायला हवीत. याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. खरी शुगर २०० असताना मीटर १७२ किंवा २२८ दाखवत असेल तरी तो प्रमाणात बसतो. एकाच बोटातून दोनदा काढून १४२ आणि १५५ आलं म्हणून मीटर बिघडला असं नसतं.

प्रमाणात चालणाऱ्या या फरकापेक्षा मोठ्या चुका हाताच्या असतात. फळ सोलल्यावर बोटावर राहिलेली साखर थेंबात मिसळते आणि रीडिंग भलतंच वर जातं. स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट निघत नाही, साबण आणि कोमट पाणीच लागतं. मग हात पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. धुण्याची सोय नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. टोचणी बोटाच्या टोकाच्या कडेला करा, मध्यभागी नको, तिथे जास्त दुखतं. रक्त येत नाही म्हणून बोट पिळू नका, पेशींमधलं पाणी मिसळतं. हात खाली सोडून झटका आणि थोडं थांबा. सुई दर वेळी नवी, आणि टोचणी दुसऱ्या कुणासोबत वाटून घ्यायची नाही. हिपॅटायटिस बी अशाने पसरतो.

ओलावा पट्ट्यांच्या डबीचा शत्रू आहे. झाकणात किंवा तळाला पाणी शोषणारा पदार्थ असतो, पट्टी काढताच झाकण दाबून बंद करा. पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नका, स्वयंपाकघरात, स्नानघरात किंवा गाडीत ठेवू नका. काही पट्ट्यांची मुदत डबी उघडल्यापासून काही महिन्यांनी संपते, छापलेली तारीख पुढची असली तरी. उघडल्याची तारीख डबीवर लिहा. शंका आली तर कंट्रोल द्रावणाचा (साखरेचं ठरावीक प्रमाण असलेल्या चाचणी-द्रावणाचा) थेंब लावा, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत यायला हवा. हे द्रावणही उघडल्यावर साधारण तीन महिनेच टिकतं.

ॲनिमिया असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: लाल पेशी कमी असल्या की बऱ्याच मीटरवर शुगर खरीपेक्षा जास्त दिसते, लाल पेशी फार असल्या तर कमी. या फरकाची दुरुस्ती करणारे मीटर मिळतात, तपशीलपत्रात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा लिहिलेली असते. पोटाच्या डायलिसिसमध्ये आयकोडेक्स्ट्रिन द्रावण वापरत असाल तर जीडीएच-पीक्यूक्यू एन्झाइमची पट्टी मुळीच नको. ती आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात तयार होणाऱ्या माल्टोजलाही ग्लुकोज समजते. शुगर खरोखर खाली गेलेली असताना ती वाढलेली दाखवते आणि त्यावर इन्सुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो. याबाबत अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००९ साली इशारा दिला होता.

फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्या आणि शुगर स्थिर असलेल्या माणसाने रोज बोट टोचण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा आठवड्यातले दोन-तीन दिवस एखाद्या जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी, अशी जोडी घ्या. त्या जेवणाने किती चढली ते थेट दिसतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना रोज आणि अनेकदा मोजावं लागतं. शुगर ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. ५४ च्या खाली गेली असेल तर ते गंभीर समजून डॉक्टरांना कळवायचं.

दंडावरचा शुगर सेन्सर

फ्रीस्टाइल लिब्रे आणि डेक्सकॉम ही यातली सर्वांत परिचित नावं. सेन्सरची केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि पेशींमधल्या द्रवातली साखर मोजते. रक्तातली नाही. रक्तातला बदल त्या द्रवात पोचायला काही मिनिटं लागतात, शुगर वेगाने चढत-उतरत असताना हा उशीर जास्त खटकतो. जेवणानंतर किंवा व्यायामात बोटाचा आकडा आणि सेन्सरचा आकडा जुळत नाही, तो यामुळे. तुलना करायचीच असेल तर पडद्यावरचा शुगरची दिशा दाखवणारा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर, असताना करा.

लिब्रेचं पहिलं मॉडेल १४ दिवस चालतं, लावल्यावर तासाभराने आकडे देतं, पण मोबाइल किंवा रीडर जवळ नेऊन स्कॅन करावं लागतं. सेन्सरमध्ये फक्त ८ तासांची साठवण असते. रात्री दहाला स्कॅन केलं आणि पुन्हा सकाळी आठला, तर मधले दोन तास गेले. त्याला अलार्मही नाही. झोपेत शुगर उतरणाऱ्यांसाठी हे मॉडेल अपुरं आहे, त्यांनी अलार्म असलेलं लिब्रे २ किंवा पुढचं पाहावं. डेक्सकॉम जी६ दहा दिवस चालतं आणि सुरू व्हायला दोन तास घेतं, जी७ अर्ध्या तासात सुरू होतं. डेक्सकॉममध्ये बोटाचा आकडा भरून सेन्सर जुळवता येतो, लिब्रेमध्ये वापरणाऱ्याला तशी सोय नाही. माझ्या मते इन्सुलिनवर असलेल्या आणि शुगर उतरल्याचं न जाणवणाऱ्या माणसासाठी अलार्म हाच या उपकरणाचा मुख्य गुण आहे, अचूकतेतला एखाद-दुसरा टक्का नव्हे.

लावताना दंडाची मागची बाजू निवडा. जागा साबणाने धुवा, लोशन नको, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. इन्सुलिन टोचता त्या जागेपासून लिब्रे किमान अडीच सेंटिमीटर दूर, डेक्सकॉम साधारण साडेसात सेंटिमीटर. पहिल्या दिवसाचे आकडे थोडे डगमगतात, त्यावर मोठे निर्णय घेऊ नका. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटा उतार दिसतो आणि मध्यरात्री अलार्म वाजतो. आलेखात अचानक सरळ खाली गेलेली आणि कूस बदलताच वर आलेली रेघ बहुधा तीच. क जीवनसत्त्व जास्त मात्रेत घेतल्यास लिब्रे खोटी वाढ दाखवू शकतं, लिब्रे २ साठी ही मर्यादा दिवसाला ५०० मिलिग्रॅमची आहे. हायड्रॉक्सियुरिया (रक्ताच्या काही आजारांवरचं औषध) घेणाऱ्यांनी डेक्सकॉमवर विसंबू नये. चिकटपट्टीखाली खाज आणि पुरळ येऊन ते वाढत गेलं तर ती ॲलर्जी असू शकते, सहन करत राहू नका. आणि लक्षणं एक सांगत असतील, आकडा दुसरंच, तर बोट टोचून खात्री करा.

आलेख वाचायला शिकणं हा खरा फायदा. ७० ते १८० च्या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी, ही २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतली बहुसंख्य प्रौढांची उद्दिष्टं आहेत. वृद्धांसाठी आणि गरोदरपणात ती वेगळी असतात. या आकड्यांसाठी १४ दिवसांचा आणि त्यातला किमान ७० टक्के वेळ भरलेला डेटा हवा. ॲप जो जीएमआय दाखवतं तो सरासरी शुगरवरून काढलेला एचबीए१सीचा (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) अंदाज आहे: सरासरी १५४ असली की जीएमआय सुमारे ७ टक्के. प्रयोगशाळेतला एचबीए१सी यापेक्षा बराच वेगळा आला तर लाल पेशींकडे पाहावं लागतं. त्या साधारण १२० दिवस जगतात. रक्तस्राव, रक्त चढवणं किंवा पेशी लवकर फुटणं यांनी एचबीए१सी खोटा कमी येतो, लोहाच्या कमतरतेने खोटा जास्त.

कातडी न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या विकल्या जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने असं एकही उपकरण मंजूर केलेलं नसल्याचं जाहीर केलं. त्यांच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस घेणं जिवावर बेतू शकतं.

बाकीची साधनं

बोटावरचा ऑक्सिमीटर प्रकाशावरून ऑक्सिजनचा अंदाज करतो. थंड हात, नेलपॉलिश आणि सावळी-काळी त्वचा यांनी तो फसतो. गडद त्वचेवर तो खरीपेक्षा जास्त पातळी दाखवण्याची शक्यता असते, हे लपलेलं संकट आहे. हात गरम करून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून वाचा आणि एका आकड्यापेक्षा घसरण पाहा. दम्यासाठीचा, फुंकरीचा वेग मोजणारा पीक फ्लो मीटर मात्र या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: बॅटरी नाही, ॲप नाही. उभं राहून पूर्ण श्वास घ्या, ओठ घट्ट आवळा, एकच जोरदार फुंकर मारा. तीन प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी नाही. दमा आटोक्यात असताना आलेला स्वतःचा सर्वोत्तम आकडा हा आधार: त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० मध्ये सावध, ५० च्या खाली तातडीने मदत. हृदयाची कमजोरी असलेल्याने वजनकाटा कडक फरशीवर ठेवून सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन घ्यावं. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढ म्हणजे पाणी साठतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

मूत्रपिंडाचं आणि डोळ्याच्या पडद्याचं नुकसान यातलं कोणतंही यंत्र दाखवत नाही. मधुमेहात लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तातलं क्रिएटिनिन आणि डोळ्यांची तपासणी साधारण वर्षातून एकदा लागते. घरचे आकडे सुंदर असले तरी.

बीपी मशीन डॉक्टरांकडे नेण्याआधी दोन गोष्टी तपासा. बॅटरी बदलली की बऱ्याच मशीनची तारीख-वेळ मूळ पदावर जाते आणि मग सकाळ-संध्याकाळचा फरक ओळखता येत नाही. दुसरं, घरातल्या दोघांची रीडिंग एकाच खात्यात मिसळली असतील तर मशीनने काढलेली सरासरी कुणाचीच नसते. म्हणून प्रत्येकाला वेगळं खातं द्या, पाहुण्यांचं बीपी पाहुण्यांसाठीच्या मोडवर घ्या. मग दवाखान्यात त्याच हातावर, मिनिटभराच्या अंतराने, आळीपाळीने तुमचं मशीन आणि तिथलं मशीन लावून पाहा. वरच्या बीपीच्या सरासरीत ५ मिमीपर्यंतचा फरक चालतो. १० च्या पुढे गेला तर कफचं माप आणि नळीतली गळती तपासा. ते ठीक असेल तर मशीन बदला. ही तुलना वर्षातून एकदा, आणि मशीन हातातून पडलं तर लगेच.